अंगणातली अर्धी वाट

आमच्या वाडीत आज दोन घरे समोरासमोर उभी आहेत. एक आमचे व दुसरे आमच्या थोरल्या बंधूंचे, म्हणजे दादांचे. ह्या ओट्यावरून त्या ओट्यावर जायचे तर मध्ये अवघे तीस फुटांचे अंगण. लहान मूल धावत सुटले तर दहा मोजायच्या आत पलीकडे पोहोचेल. परंतु २०१८ साली वाटणी झाली, अंगणाच्या मधोमध हद्दीचा दगड रोवला गेला, आणि त्या दिवशी दोन्हीकडून जे शब्द निघाले त्यांच्यामुळे ते तीस फूट आम्हांला ओलांडता येईनात. शब्द कोणते होते ते येथे सांगण्यात अर्थ नाही. वाद वीतभर जमिनीचा होता, एवढे म्हटले की आपल्या वसईतील वाचकांना पुढचे सांगावे लागत नाही.

आई मात्र ते अंतर दर महिन्याला ओलांडीत असे. एक महिना दादांकडे व एक महिना आमच्याकडे अशी तिची पाळी ठरली होती. महिन्याच्या पहिल्या तारखेला ती सकाळी निघे. हातात कापडी पिशवी, पिशवीत दोन लुगडी, औषधाच्या गोळ्या आणि जपमाळ. आम्ही तिला हद्दीच्या दगडापर्यंत सोबत करीत असू. तेथून पुढे वहिनी तिचा हात धरीत. दोन्ही बाजूंचे हात एकाच वेळी तिच्या हाती कधी आले नाहीत. मधली दोन पावले ती एकटीच चालत असे.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये त्याच दोन पावलांत ती घसरली. पावसाने अंगणात शेवाळ धरले होते. हद्दीच्या दगडाला तिचा पाय अडखळला, आणि डाव्या हातावर भार येऊन मनगट मोडले. दोन्ही घरांतून माणसे धावली. आईला उचलताना दादांचे हात आमच्या हातांना लागले. तरीही कोणी कोणाशी बोलले नाही. हे लिहिताना आज आम्हां उभयतांना लाज वाटते. पण ते गाळले तर पुढची हकीकत खोटी होईल.

प्लास्टर निघाल्यावरही आईच्या मनातील भीती गेली नाही. पावसात ती ओट्याखाली उतरेना. शेजाऱ्यांनी सल्ला दिला की सगळ्या अंगणात सिमेंट ओतावे किंवा पेव्हर ब्लॉक बसवावेत. एका दिवसाचे काम, कटकट मिटेल. आईने तो सल्ला ऐकला आणि एवढेच म्हणाली, ‘‘सगळी माती झाकू नका रे. विहिरीत पाणी कोठून उतरेल?’’ तिचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. विहिरी व बावखले ह्यांच्या आधारावर आपल्या वसईतील वाड्या पिढ्यान्‌पिढ्या तगल्या, आणि पावसाचे पाणी मातीत मुरते म्हणूनच त्या विहिरींना पाणी राहते. तेव्हा अंगण मोकळे ठेवायचे आणि अडीच फूट रुंदीची एकच वाट बांधायची असे ठरले. ‘ठरले’ म्हणजे आमच्या बाजूने ठरले. दादांना विचारण्याचा प्रश्नच नव्हता. आमच्या ओट्यापासून हद्दीच्या दगडापर्यंत पंधरा फूट, तेवढी वाट आमची.

ही वाट गोट्यांची करावी असे सुचले त्याला कारण आमचे वडील. ते वाडा तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. शनिवारी घरी येताना त्यांच्या खिशात वैतरणेच्या पात्रातला एखादा गोटा हमखास असे. आम्हां भावंडांना तो ते हातात देत आणि त्याची गोष्ट सांगत. सह्याद्रीचा काळा कातळ हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हारसाचा. तो थिजताना त्यात पोकळ्या राहिल्या, त्या पोकळ्यांत खनिजे साचली, आणि त्यांतून पांढऱ्या गारगोट्या व रेघारेघांचे अकीक तयार झाले. पुढे कातळ झिजला, गारगोट्या सुट्या झाल्या, आणि नदीने त्यांना एकमेकींवर घाशीत गुळगुळीत केले. ‘‘एकट्या दगडाला गोलाई येत नाही,’’ असे ते म्हणत. आम्ही त्या वेळी ते फारसे मनावर घेतले नाही. वर्षानुवर्षे साठलेल्या त्या गारगोट्यांनी रॉकेलचे दोन पत्र्याचे डबे भरले होते. वाटणीत एक डबा दादांकडे गेला, एक आमच्याकडे आला. तेव्हापासून आमचा डबा विहिरीमागे पडून होता.

२०२३ च्या फेब्रुवारीत आम्ही कामाला लागलो. गवंडी बोलावला नाही. हे काम आपणच आपल्या हातांनी करावे अशी हौस होती, आणि हौसेबरोबर येणारे अज्ञानही होते. जमीन जेमतेम तीन इंच खणली, तीवर सिमेंटचा ओला माल पसरला, आणि फरशी बसवावी तसे गोटे आडवे ठेवून वरून थोपटले. आडवा गोटा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे काम भराभर पुढे सरकले. चार रविवारांत पंधरा फूट झाले. दिसायला वाट सुरेख होती. येणारेजाणारे थांबून कौतुक करीत.

जुलैच्या पहिल्या जोरदार पावसाने आमचा अभिमान धुऊन नेला. खालची भर धुम्मसलेली नव्हती, ती बसली, आणि वरचा थर तडकला. आडवे गोटे मालाला नुसते चिकटलेले होते. एकेक सुटून पावलाखाली फिरू लागला. एकदा तर आई ओट्यावर बसून पाहत असताना आमच्यापैकीच एकाचा पाय त्या सुट्या गोट्यावरून सरकला. आई काही बोलली नाही. तिने फक्त पदर तोंडाला लावला. त्या संध्याकाळी आम्ही सगळे गोटे वेचून पुन्हा डब्यात भरले.

पावसाळाभर मग आम्ही वाचनालयातून पुस्तके आणून पाहिली आणि एका वृद्ध गवंड्याशी बोललो. तेव्हा कळले की गोट्यांची नक्षी ही माणसाची फार जुनी कला आहे. आजच्या तुर्कस्तानातील गॉर्डियन येथे गोट्यांच्या नक्षीची जमीन सापडली आहे, ती ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातली. सिकंदराचा जन्म ज्या पेल्ला नगरात झाला तेथील घरांत नदीतल्या बारीक गोट्यांनी रेखाटलेली सिंहाच्या व हरणाच्या शिकारीची चित्रे आजही पाहावयास मिळतात. हरणाच्या शिकारीच्या चित्रावर तर ग्नोसिस ह्या कारागिराने आपले नाव घातले आहे. ग्रीसमधील रोड्स बेटावर लिंडोस गावातील घरांची अंगणे काळ्या-पांढऱ्या समुद्रगोट्यांनी मढवलेली असतात. चीनमधील सुजौ शहराची जुनी उद्याने १९९७ साली जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाली. तेथील पायवाटांत गोट्यांच्या जोडीला फुटकी कौले आणि चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडेही उभे रोवून वापरतात. वसईकराला लिस्बनचे नाव परके नाही, कारण १५३४ पासून १७३९ पर्यंत आपला मुलूख तेथून चालवला जात होता. त्या लिस्बनच्या रोसियू चौकात काळ्या-पांढऱ्या दगडांच्या लाटा आहेत. पण ते दगड गोटे नव्हेत, घडवलेले तुकडे आहेत, आणि त्या लाटा १८४८-४९ सालच्या, म्हणजे पोर्तुगीज वसईतून गेल्यानंतर शंभरांहून अधिक वर्षांनी घातलेल्या.

ह्या सगळ्या वाचनातून आमच्या उपयोगाची एक गोष्ट हाती लागली, आणि गवंडीबाबांनीही नेमकी तीच सांगितली. चालायच्या वाटेवर गोटा झोपवायचा नसतो, उभा रोवायचा असतो. अंड्यासारखा लांबट गोटा घ्यावा, त्याचे निमुळते टोक खाली करावे आणि दोन तृतीयांश भाग मालात जाऊ द्यावा. वर दिसते ते केवळ डोके. शेजारचा गोटा त्याला इतका खेटून बसवावा की मध्ये बोटाचे नखही शिरू नये. मग तो गोटा नुसत्या सिमेंटच्या जोरावर राहत नाही. भोवतीचे पाचसहा गोटे त्याला धरून ठेवतात. ‘‘माल म्हातारा होतो,’’ गवंडीबाबा म्हणाले, ‘‘खेटण म्हातारी होत नाही.’’

२०२४ च्या जानेवारीत आम्ही दुसऱ्यांदा कुदळ हाती घेतली. ह्या खेपेस सात इंच खोल खणले. तळाशी मुरूम व खडी ह्यांचा चार इंचांचा थर घातला आणि पाणी शिंपडून धुम्मसाने तो इतका ठोकला की टाचेचा ठसा उमटेना. दोन्ही कडांना मोठे दगड ओल्या मालात पक्के केले, म्हणजे आतले गोटे बाजूला सरकणार नाहीत. मधल्या पाटात एक भाग सिमेंट व तीन भाग बारीक वाळू असा कोरडा माल पसरला. कोरड्या मालाचा फायदा असा की घाई नसते. गोटा चुकला तर उपटून पुन्हा रोवता येतो. मात्र आपल्या दमट हवेत तोही पडून राहिल्यास धरू लागतो, म्हणून दोन तासांत संपेल एवढाच कालवावा. हात-दोन हात काम झाले की वर लाकडी फळी आडवी ठेवून हातोडीने हलके ठोकायचे, म्हणजे सगळी डोकी एका पातळीत येतात. मग फटींत पुन्हा कोरडा माल झाडणीने भरायचा, आणि झारीने अगदी बारीक पाणी थोड्याथोड्या वेळाने शिंपडायचे. धार जोराची झाली तर सिमेंट वाहून वाळू उघडी पडते. दुसऱ्या दिवशी गोट्यांवर आलेला सिमेंटचा पांढुरका पापुद्रा ओल्या फडक्याने पुसून काढायचा, आणि सात दिवस ओले गोणपाट घालून ठेवायचे. सिमेंटला पुरती ताकद यायला अठ्ठावीस दिवस धरतात. एक सूचना मात्र अनुभवाची: रबरी हातमोजे घातल्याशिवाय ह्या मालाला हात लावू नये. सिमेंटमधला चुना कातडी खातो. पहिल्या आठवड्यात आमच्या बोटांची टोके अशी सोलली की भाकरी मोडणेही कठीण झाले.

काळे गोटे आम्ही इमारती सामानाच्या वखारीतून सहा गोणी विकत आणले. नदीच्या पात्रातून वाळू-गोटे परवान्यावाचून उचलणे आज कायद्याने मना आहे, आणि नद्यांची दशा पाहता ते योग्यच आहे. वडिलांच्या काळी खिशातून येणारा एक गोटा निराळा, आणि गोणींनी उपसणे निराळे. पांढऱ्यासाठी वडिलांचा डबा होता. नक्षी साधी ठरवली. केळीचे पान. मधला दांडा पांढरा, त्यातून दोन्ही बाजूंना तिरप्या पांढऱ्या शिरा, उरलेला पसारा काळा. पानाची कड दाखवायला लाल रंग हवा होता. तो जुन्या घराने दिला. वाटणीच्या वेळी ते घर उतरवले तेव्हाची फुटकी मंगलोरी कौले विहिरीमागे रचलेली होती. त्यांचे बोट-दीड बोट रुंदीचे तुकडे करून ते उभे रोवले. ज्या कौलांखाली दोघे भाऊ वाढले, ती अशी पुन्हा कामाला आली.

गोटे निवडणे हे कामातले अर्धे काम. रंगाप्रमाणे व आकाराप्रमाणे ढीग घालावे लागतात. फार मोठे, फार चपटे बाजूला काढावे लागतात. सगळे धुऊन मातीचा लेप घालवावा लागतो. हे काम करायला आम्हांला एक अनपेक्षित मदतनीस मिळाला. दादांची सात वर्षांची नात एका शनिवारी हद्दीच्या दगडापाशी येऊन उभी राहिली. थोडा वेळ पाहत राहिली, आणि मग काही न विचारता गोट्यांच्या ढिगापाशी येऊन बसली. तिला कोणी बोलावले नाही, तिला कोणी परतही बोलावले नाही. आई ओट्यावरून सांगे, ‘‘तो नको, तो टोचेल,’’ आणि नात तो गोटा फेकून दुसरा उचले. त्या दोघींच्या डोळ्यांतून गेल्याशिवाय एकही गोटा वाटेवर गेला नाही.

आम्ही उभयता नोकरदार. शनिवार-रविवारी मिळून पाचसहा चौरस फुटांवर काम होत नसे, आणि मध्ये उपवासकाळातले काही रविवार गेले. ईस्टर झाला त्या आठवड्यात आम्ही अकराव्या फुटापर्यंत पोहोचलो होतो. तेथे वडिलांचा डबा रिकामा झाला. एकही पांढरी गारगोटी उरली नाही. बाजारात पांढरे गोटे मिळतात, पण ते बहुधा यंत्रात फिरवून गुळगुळीत केलेले, दुधासारखे एकसारखे पांढरे. आमच्या गारगोट्यांत कोठे पिवळसर झाक, कोठे निळसर रेघ. शेजारी ठेवून पाहिले तेव्हा ते डोळ्यांना मानवेना. काम थांबले.

आणि त्याच संध्याकाळी, सहा वर्षांनंतर, दादा आमच्याशी बोलले. त्यांच्या ओट्यावरूनच, उभे राहून, जरा चढ्या आवाजात. ते म्हणाले, ‘‘उतार चुकला आहे.’’

आम्ही मान वर करून पाहिले. दादांनी हाताने दाखवले. ‘‘तुमच्या ओट्यापासून हद्दीपर्यंत उतार दिला आहे. पाऊस लागला की सगळे पाणी सरळ माझ्या जोत्याला येईल.’’

पहिल्या क्षणी मनात जुना राग उठला. सहा वर्षांनी तोंड उघडले ते तक्रारीसाठी, असेही वाटले. रात्री लेव्हलची नळी घेऊन आम्ही दोघांनी वाट मोजली. दादांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. अकरा फुटांत वाट जवळजवळ तीन इंच उतरली होती, आणि उतरली होती ती त्यांच्या दिशेने. आमच्या जोत्यापासून पाणी दूर जावे एवढाच विचार आम्ही केला होता. ते दूर जाऊन कोणाच्या जोत्याला लागेल हा विचार मनात आलाच नव्हता. मुद्दाम केले असते तर निदान दोष ओळखता आला असता. न कळत केलेले होते, म्हणून ते अधिक लागले. रात्री उशिरापर्यंत झोप आली नाही. २०१८ च्या मोजणीच्या दिवशी आम्ही जे बोललो होतो, त्याचाही उतार बहुधा असाच होता.

दुसऱ्या दिवशी छिन्नी-हातोडा घेऊन सातव्यापासून अकराव्या फुटापर्यंतची वाट उखडली. तो भाग आठ दिवसांपूर्वीचाच होता, अजून पुरता पिकला नव्हता, म्हणून गोटे शाबूत निघाले. वहिनी खिडकीतून पाहत होत्या. नव्याने बसवताना लांबीचा उतार मोडला आणि रुंदीत उतार दिला, केळीच्या आळ्यांकडे, फुटाला दोन सूत. म्हणजे वरून येणारे पाणी हद्दीपर्यंत पोहोचण्याआधीच वळून केळीला मिळावे. दादा दुपारी ओट्यावर आले, पाहिले, आणि आत गेले.

थोड्या वेळाने ते पुन्हा आले तेव्हा त्यांच्या हातात पत्र्याचा डबा होता. नातीने आधीच घरी सांगितले असावे. दादा हद्दीच्या दगडापर्यंत चालत आले, डबा जमिनीवर ठेवला आणि म्हणाले, ‘‘बाबांच्या आहेत. तिकडच्याशी जुळतील.’’ मग दगडाकडे पाहत पुढे म्हणाले, ‘‘आणि वाट ह्याच्यावर आणू नका. आई ह्यालाच अडखळली होती. बाजूने घ्या.’’

ही दोन वाक्ये आम्हांला आजही तोंडपाठ आहेत. आम्ही उत्तरादाखल फक्त ‘‘बरे, दादा’’ म्हटले. त्याहून जास्त काही सुचले नाही, आणि सुचले असते तरी बोलवले नसते.

हद्दीचा दगड आम्ही हलवला नाही. मोजणीची खूण आहे, ती तेथेच राहिली पाहिजे. वाटेने मात्र त्याला केळीच्या बाजूने वळसा घातला. केळीचे पान तसेही अगदी सरळ कोठे असते? पुढील पंधरा फुटांचे खणणे दादांनी स्वतः सुरू केले. त्यांना निवृत्तीनंतरचा वेळ होता. आम्ही कामावरून येईपर्यंत ते मुरूम धुम्मसून ठेवीत, संध्याकाळी आम्ही गोटे रोवत असू. वहिनी झारीने पाणी घालीत, आणि आई ओट्यावरून सगळ्यांना रागावत असे. काळे गोटे आणखी सहा गोणी आले. त्यांचे पैसे दादांनी दिले आणि आम्ही ते नाकारले नाहीत. पांढऱ्या गारगोट्यांचा हिशेब करता एका डब्यात एकोणीस फूट पुरे होणार नाहीत असे दिसत होते. पण केळीच्या पानाचा दांडा टोकाकडे निमुळता होत जातो, ही गोष्ट आमच्या मदतीला आली. आमच्या ओट्यापाशी तो चार बोटे रुंद आहे. दादांच्या पायरीपाशी एका गारगोटीएवढा उरतो. शेवटची गारगोटी नातीने रोवली, आणि ती किंचित वाकडी आहे. ती तशीच ठेवली.

मे महिन्याच्या अखेरीस वाट पुरी झाली. पहिल्या जूनला आईची पाळी बदलायची होती. सकाळी तिने पिशवी घेतली आणि ओट्याखाली उतरून चपला काढल्या. अनवाणी पायाने ती दोनचार पावले चालली, थांबली, आणि म्हणाली, ‘‘टोचत नाही.’’ आम्ही तिच्या उजव्या हाताला होतो. वळशापाशी वहिनी येऊन थांबल्या होत्या. त्यांनी डावा हात धरला. ह्या खेपेस आम्ही उजवा हात सोडला नाही. दादांच्या ओट्यापर्यंत गेलो, आणि सहा वर्षांनी त्या घरचा चहा घेतला.

वाचकहो, भावांचा वाद मिटला असे लिहिले तर ते खरे होणार नाही. वीतभर जमीन कोणाची, ह्यावर आमची मते आजही दोन आहेत, आणि हद्दीचा दगड वळशाच्या आत जेथल्या तेथे उभा आहे. परंतु आम्ही बोलतो. पावसाळ्यात गोट्यांवर शेवाळ धरू लागते, ते काथ्याच्या ब्रशाने घासावे लागते; तेव्हा घासणारा आपापल्या हद्दीपाशी थांबत नाही. एखादा गोटा निसटला तर ज्याला आधी दिसेल तो बसवतो. गेल्या पावसात दादांच्या जोत्याला पाणी लागले नाही, आणि केळीचे दोन घड नेहमीपेक्षा लवकर आले. त्यातला एक घड त्यांच्याकडे गेला.

पहिल्या वर्षी आम्ही जी बांधली होती ती हद्दीशी येऊन संपणारी पंधरा फुटांची फरसबंदी होती. तिच्यावरून आई कोठेच पोहोचणार नव्हती. गोटे उभे रोवायला आम्ही गवंडीबाबांकडून शिकलो, उतार द्यायला दादांकडून. वडिलांचे वाक्य मात्र समजायला इतकी वर्षे लागली. आता संध्याकाळी आई त्या वाटेवरून अनवाणी फेऱ्या घालते, ह्या ओट्यापासून त्या ओट्यापर्यंत. आज ती कोणाच्या पाळीत आहे हे कधीकधी तिच्याही लक्षात राहत नाही.